मशीनच्या पोटातलं मशीन

अक्कांनी खुर्ची माझ्याकडे ढकलली आणि म्हणाल्या, "बस. आज तू एक नवीन कॉम्प्युटर तयार करायचा."

मी इकडेतिकडे पाहिलं. नवीन कॉम्प्युटर कुठेच नव्हता. खोका नव्हता, थर्माकोल नव्हतं, चिमटीत धरून फोडत बसायचे ते प्लास्टिकचे फुगेही नव्हते. टेबलावर रोजचाच काळा डबा घरघरत होता.

"कुठं आहे?"

"ह्याच्या आत," अक्कांनी डब्यावर टिचकी मारली. "हे खरं मशीन. ह्याच्या आत आपण एक खोटं मशीन करायचं. ह्याचीच थोडी मेमरी त्याला द्यायची, थोडी डिस्क द्यायची. खोट्याला वाटत राहतं, आपण खरंच हाय."

"आणि माझ्या हातून मोडलं तर?"

"पुसायचं. दुसरं करायचं."

मोडलं तरी चालेल अशी वस्तू आजवर मला कुणी हातात दिली नव्हती. आमच्या घरी कपबशी फुटली तर आठवडाभर तिचं नाव निघायचं.

शाहूपुरीतल्या एका बोळात, गुळाच्या दुकानांच्या मागे, अक्कांचं दुकान आहे. कॉम्प्युटर विकायचे, बसवायचे, आणि लोकांनी बिघडवले की परत नीट करायचे. अक्का जयसिंगपूरच्या व्यापारी घरातल्या. आईशी फोनवर कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि अडलेल्या मशीनशी दोन्ही. स्वतःबद्दल बोलताना इथल्या बऱ्याच बायकांसारखं 'मी येतो', 'मी बघतो'. सुरुवातीला मी दचकायचे, आता माझ्याही तोंडात अधूनमधून येतं आणि घरी फोनवर आई विचारते, कोण बोलून राहिलं म्हणून.

मी वाशिमकडची. नववीत शाळा सुटली. दहावीची शाळा लांब होती आणि आईचं दुखणं जवळ. पुढे बहिणीच्या बाळंतपणासाठी कोल्हापूरला आले. बाळंतपण झालं, मेव्हण्यांची बदली गुजरातला झाली, ते सगळे गेले आणि मी राहिले, कारण तोवर अक्कांनी मला फोन उचलायला ठेवलं होतं. मुलाखतीत त्यांनी शाळेचं काही विचारलं नाही. एकच विचारलं, "फोनवर कोण ओरडलं तर रडशील काय?"

मी खरं ते सांगितलं. "हो."

"चालतंय. रड. पण फोन ठेवू नकोस."

त्या दिवसापासून ह्या बाईसाठी काय करू आणि काय नको असं मला झालेलं आहे. आणि त्यातच माझी सगळी भीती होती. ज्यांचे उपकार असतात त्यांच्यासमोर चुकायची जास्त भीती वाटते.

तर त्या दिवशीची गोष्ट अशी. कोल्हापूरकडच्याच मलकापूरच्या एका शाळेत सर्व्हर बसवायचा होता. सर्व्हर म्हणजे शाळेतले बाकीचे सगळे कॉम्प्युटर ज्याला विचारून चालतात, तो मोठा. शनिवार ठरला होता आणि शनिवारीच अक्कांच्या भाच्याचं लग्न निघालं. अक्का म्हणाल्या, "हितं खोट्या मशीनवर सर्व्हरची सिस्टीम नीट चढवलीस, तर शनवारी मलकापूरला तू जायचं. न्हाय जमलं तर मी शाळेला पुढची तारीख देतो आणि तू फोन उचल. फोन बी कुणीतरी उचलायलाच पाहिजे की."

एवढं बोलून त्या लग्नाच्या खरेदीला जयसिंगपूरला निघून गेल्या. माझ्या छातीत असं काही धडधडायला लागलं की काळ्या डब्याची घरघर कुठली आणि माझी कुठली कळेना. मला मलकापूरला जायचं होतं. इतकं जायचं होतं की मनातल्या मनात मी एसटीत खिडकीजवळ बसूनही घेतलं.

दुकानात उरलो मी आणि मामा. मामा म्हणजे आमचे वायरवाले. शिडीवर चढणं, भिंतीला भोक पाडणं, वायरी ओढणं हे त्यांचं खातं. आणि नव्या मशीनची पूजाही त्यांचंच खातं. आमच्या दुकानातून कुठलंही मशीन हळदकुंकू लागल्याशिवाय चालू होत नाही. मामा कोपऱ्यावर बोट टेकवतात, पायरीवर नारळ फोडतात, शेजारच्या दुकानातून गुळाचा खडा आणतात आणि गूळखोबरं तोंडात पडल्यावरच बटण दाबलं जातं. ते आजही पुडी आणि नारळ घेऊन हजर झाले.

"कुठं हाय नवीन मशीन?"

"ह्याच्या आत, मामा."

"आत म्हंजे? खोलून दाव."

"खोलून नाही दिसत. हे एक मशीन, आणि ह्याच्या पोटात दुसरं मशीन."

मामा थांबले. डब्याकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं. मग हातातला नारळ पटकन पाठीमागे लपवला.

"आगं मग दोन जिवाची हाय म्हण की!"

"कोण?"

"ही!" त्यांनी डब्याकडं हात केला. "पोटुशी म्होरं नारळ फोडत्यात व्हय? तुमच्याकडं वऱ्हाडात फोडत असतील, पावणं. आमच्यात न्हाय फोडत."

मला वाटलं चेष्टा चालली आहे. पण मामा गंभीर होते, म्हणजे मामा जितके गंभीर असू शकतात तितके. त्यांनी कपाटातून मॉनिटर पुसायचं कोरं पिवळं फडकं काढलं, त्याची खणासारखी त्रिकोणी घडी घातली, डब्याच्या डोक्यावर ठेवली, वर अख्खा नारळ ठेवला, नारळाला हळदकुंकू लावलं, आणि म्हणाले, "झाली वटी भरून. आता मोकळी झाली की नारळ फोडू."

मी हसायला लागले ते थांबेचना. फोन वाजला तो हसतच उचलला. गिऱ्हाईक ओरडायच्या तयारीत होतं, पण समोरून हसू ऐकून तेच बावरलं आणि "मी नंतर करतो," म्हणालं.

मग मी कामाला लागले. निघायच्या आधी अक्कांनी सुरुवातीची वाट एकदा दाखवली होती. आत एक मशीन तयार केलं. त्याला मेमरी दिली, डिस्क दिली. डिस्क देताना वाटलं, आपण कुणाला तरी शेताचा तुकडा काढून देतोय. सिस्टीमची सीडी म्हणजे हल्ली सीडी नसतेच, एक जाडजूड फाईल असते. ती त्या खोट्या मशीनच्या खोट्या ड्राइव्हमध्ये घातली. आणि चालू केलं. पडद्यावर एक खिडकी उघडली, तिच्यात काळा पडदा, आणि काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ.

मी इंग्रजी बोट ठेवून वाचते. ओळ म्हणत होती, सीडीवरून सुरू करायचं असेल तर कुठलंही एक बटण दाबा. आणि ओळीपुढे एकेक टिंब उमटत होतं, जसं कुणी पाय आपटत वाट बघतंय.

मी घाईघाईने दाबलं. निळी खिडकी आली. भाषा कुठली, घड्याळ कुठलं, अटी मान्य आहेत का. मी सगळ्याला हो म्हटलं. कुठल्या डिस्कवर? एकच होती, तिलाच हो म्हटलं. मग टक्के वर सरकायला लागले.

टक्के सरकतात तेव्हा करण्यासारखं काही नसतं. मी आणि मामा चहा घेऊन खिडकीसमोर बसलो. मामा मॅच बघावी तसे बघत होते. "लई हळू चाललंय. आडलंय काय कुठं?" "नाही मामा, चालू आहे." "पैलं पोटुशीपण असतंय, येळ लागतोय." टक्के भरले तेव्हा आम्ही दोघंही उभे राहिलो होतो. खिडकी म्हणाली, आता मी एकदा बंद होऊन चालू होते. झाली बंद. झाली चालू. काळा पडदा, पांढरी ओळ: कुठलंही एक बटण दाबा.

मी दाबलं.

निळी खिडकी. भाषा कुठली? घड्याळ कुठलं?

"हे तर आत्ताच विचारलं," मी म्हणाले.

"इसरलं आसंल," मामा म्हणाले. "सांग परत."

परत सांगितलं. परत टक्के, परत चहा. परत बंद, चालू, काळा पडदा, एक बटण दाबा. दाबलं. भाषा कुठली?

मी मेमरी वाढवून पाहिली. खोटं मशीन पुसून दुसरं केलं. अटी मान्य आहेत का, म्हटल्यावर त्या अटी मी ह्या वेळी बोट ठेवून थोड्या वाचल्यासुद्धा, न जाणो त्यात काही असेल. मामांनी फडक्याची घडी सोडून पुन्हा घातली आणि नारळाची शेंडी ईशान्येला फिरवली. टक्के भरायचे, खिडकी मिटायची, उघडायची, आणि पुन्हा पहिल्यापासून भाषा कुठली. चहावाला म्हणाला, आज काय मीटिंग आहे काय तुमची.

"कळा तर येत्यात," मामा म्हणाले, "पर मोकळी हुईना."

तेवढ्यात आईचा फोन. रोज ह्याच वेळी येतो. "बाई, जमून राहिलं ना तुले? नाही तं ये वापस."

"येते, येते," मी म्हणाले. रोजच म्हणते. आईने विचारलं की माझ्या तोंडून ते आपोआप निघतं, आणि मग ती पहिल्यापासून सुरू करते: कोणत्या गाडीने येशील, सोबत कोण आहे, वाशिमला घ्यायला कोणाला पाठवू. त्या दिवशी ते सगळं ऐकताना मलकापूरची एसटी माझ्याशिवाय सुटताना दिसायला लागली. मी तोंड वळवून ओढणीने डोळे पुसले. मामांनी पाहिलं. त्यांनी स्वतःच्या मोबाइलवरून अक्कांना फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"अक्का, पोरगी रडाया लागली. तुमचं मशीन आडलंय."

पलीकडून साड्यांच्या दुकानातली गडबड ऐकू आली. "कुठं आडलंय? नीट सांग, पोरी."

मी सांगितलं. टक्के भरतात, बंद होतं, चालू होतं, आणि परत पहिल्यापासून.

"चालू झाल्यावर काय म्हणतंय?"

"म्हणतं, कुठलंही बटण दाबा."

"मग?"

"मग मी दाबते."

मग अक्का एवढ्या मोठ्याने हसल्या की साडीवाला "काय झालं हो?" म्हणताना आम्हाला ऐकू आला.

"तुला कुणी सांगितलं दाबायला?"

"त्यानंच विचारलं ना."

"अगं, त्यानं इचारलं म्हणून दाबलंच पाहिजे असं कुठं हाय? सीडी अजून आतच हाय, म्हणून ते इचारतंय. पयल्या बारीला सीडीवरनं चालू करायचं असतंय, तवा दाबायचं. एकदा सिस्टीम चढली की गप बसायचं. ते इचारंल, थोडा वेळ वाट बघंल, आणि आपलं आपण पुढं जाईल. तू दाबलंस की त्याला वाटतंय, हिला परत पहिल्यापासनं पाहिजे."

"म्हणजे काहीच करायचं नाही?"

"कायबी करायचं न्हाय. तेवढंच अवघड हाय बघ तुला. कुणी इचारलं की तू लगेच दाबतीस."

फोन ठेवताना त्या कुणाला तरी "हिरवी दाखवा" म्हणत होत्या.

मी पुन्हा सुरू केलं. टक्के भरले. बंद. चालू. काळा पडदा. कुठलंही एक बटण दाबा. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. पहिलं टिंब उमटलं. माझी बोटं मांडीखाली वळवळत होती. दुसरं टिंब. वाटत होतं, एवढं कुणी विचारतंय आणि आपण ढिम्म, हे बरं नाही. आणखी टिंबं. आणि मग ओळ निघून गेली. कुणी रागावलं नाही. पडदा क्षणभर रिकामा राहिला, मग छोटे छोटे ठिपके गोल फिरायला लागले, आणि मशीन पुढे गेलं. आपलं आपण.

"गेलं!" मी ओरडले.

"कुठं गेलं?" मामा घाबरून उठले.

"पुढं गेलं, मामा, पुढं!"

पुढे पासवर्ड मागितला. साधा त्याला चालत नव्हता. मोठं अक्षर पाहिजे, लहान पाहिजे, आकडा पाहिजे, शिवाय एखादं चिन्ह. "एवढा हुंडा मागतंय व्हय," मामा म्हणाले. मग आत जायला तीन बटणं एकदम दाबायची होती. आता खरोखरच दाबायची होती, म्हणून मी हौसेने दाबली, तर खोटं मशीन राहिलं बाजूला आणि बाहेरचं खरं मशीन सगळा पडदा व्यापून उभं राहिलं, जसं सुनेला हाक मारावी आणि सासूने ओ द्यावी. सासूला परत पाठवलं, खिडकीच्या मेनूतून सुनेला वेगळा निरोप धाडला, तेव्हा ती बाहेर आली. स्वच्छ, कोरा, नवा कॉम्प्युटर, कॉम्प्युटरच्या आत. मला काय झालं माहीत नाही, मी त्या खिडकीच्या काचेला हात जोडले.

मामा नारळ घेऊन पायरीकडे धावले. फोडला तो इतक्या जोरात की पाणी समोरच्या गूळवाल्याच्या पोत्यांवर उडालं आणि तो म्हणाला, "काय झालं हो?"

"मोकळी झाली!" मामा ओरडले.

"कोण?"

"मशीन!"

गूळवाल्याने आत येऊन दोन्ही मशीनं बघायचा हट्ट धरला. एकच दिसतंय म्हणाला. तरी गुळाचा खडा त्याने मोठा दिला.

संध्याकाळी अक्का परत आल्या, पिशव्या टाकल्या आणि सरळ खुर्चीवर बसून खिडकीतून सगळीकडे फिरून आल्या. मी मागे उभी. शेवटी म्हणाल्या, "ह्याचं नाव तेवढं बदलायचं राहिलंय. आपोआप पडलेलं हाय, काय तरी आकडं नि अक्षरं. नाव ठेव."

"मी?"

"मग काय मी? बारशाला नाव आत्या ठेवती. हितं त्याची आत्या कोण हाय?"

मामांनी मला ढकललं. मी नाव टाईप केलं. मामा म्हणाले असं नाही, कानात सांगायचं. तेव्हा मी वाकून काळ्या डब्याच्या जाळीला तोंड लावलं, कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. जाळीतून गरम हवा गालाला लागली. नाव काय ते इथे लिहीत नाही; ते मशीन आणि मी. अक्का हसून हसून खोकत होत्या आणि खोकता खोकता म्हणाल्या, "शनवारी सकाळची एसटी धर. मामांना घेऊन जा."

शनिवारी मी खिडकीजवळच बसले. मामांच्या मांडीवर सर्व्हरचा खोका, खोक्यावर नारळ. कंडक्टरने विचारलं, "खोक्याचं तिकीट काढायचं काय?" मामा म्हणाले, "काढा की. आर्धं काढा. नवीन जन्मलेलं हाय."

शाळेची कॉम्प्युटरची खोली नववीच्या वर्गाला लागून होती. दारावरची पाटी वाचून मी क्षणभर बाहेरच थांबले. मुली खिडकीतून डोकावत होत्या. एकीने विचारलं, "मॅडम, आत येऊ?" मी मागे वळून पाहिलं, कुठल्या मॅडम आल्या म्हणून. मागे नुसती भिंत होती. मग मीच म्हणाले, "या. पण शूऽ. लक्ष लागतं."

ह्या वेळी मशीन खरं होतं, मोडलं तर पुसून दुसरं करता येणार नव्हतं. मामांनी पायरीवर नारळ आधीच फोडला, कारण ही एकाच जिवाची होती. मी पेनड्राइव्ह लावला, पहिल्या बारीला दाबायचं ते दाबलं, भाषा सांगितली, घड्याळ सांगितलं. टक्के सरकले. मुख्याध्यापक सर येऊन उभे राहिले, मग खुर्ची आणवून बसले, मग मुलींना खोबरं वाटायला लागले. टक्के भरले. मशीन बंद झालं. चालू झालं. काळा पडदा, पांढरी ओळ.

"मॅडम, बटण दाबा म्हणतंय," पुढच्या मुलीने वाचलं. माझ्यापेक्षा भराभर वाचलं तिने.

"हो, दाबा की," सर म्हणाले.

"दाब की गं!" मामासुद्धा म्हणाले. नारळ, शिडी, वायर सगळं लक्षात ठेवणारे मामा ऐन वेळी विसरले आणि त्यांचा हात पुढे यायला लागला. मी तो मधेच धरला. एका हाताने मामांचा हात, दुसरा स्वतःच्या मांडीखाली. टिंब उमटलं. आणखी एक. सगळी खोली बटणाकडे बघत होती आणि मी कुठेच बघत नव्हते. मला हसू यायला लागलं होतं, पोटातून, न थांबणारं.

ओळ गेली. ठिपके फिरले. मशीन पुढे गेलं.

मुलींनी टाळ्या वाजवल्या, कशासाठी ते त्यांना माहीत नव्हतं.

निघायच्या वेळी मी व्हरांड्यात होते तेव्हा आईचा फोन आला. आतून नववीच्या वर्गाचा गलका, शेजारी मामा सरांना खोट्या मशीनचं बाळंतपण पहिल्यापासून सांगत होते.

"बाई, जमून राहिलं ना तुले? नाही तं ये वापस."

'येते' अगदी दातांपर्यंत आलं. मी तोंड मिटून ठेवलं. फोन कानाला लावून नुसती उभी राहिले. पलीकडे कोंबड्या ऐकू येत होत्या, बादली ठेवल्याचा आवाज झाला. आई वाट बघत होती. मला वाटलं आता रागावेल, आता रडेल.

"बरं," आई म्हणाली, आपली आपण. "जेवली का मंग? काय खाल्लं?"

"खोबरं," मी म्हणाले, आणि एवढी हसले की तीही, कशाला ते न विचारता, हसायला लागली.